चांदीचं दही

लखनौच्या चौकात वर्ख कुटणाऱ्यांची गल्ली संपते तिथे एक लोखंडी जिना आहे. जिना चढून गेलं की बाबुराव गलाईवाल्याची जागा. जागा म्हणजे काय, तर पुढे भट्टी, मागे संसार आणि मधोमध एक पडदा. गलाईवाला म्हणजे जुनी, मळकी, भेसळीची चांदी घेऊन ती शुद्ध करून देणारा. सांगली जिल्ह्यात विट्याच्या आजूबाजूच्या गावांतली माणसं या धंद्यापायी देशभर पांगली. जिथे सराफबाजार आहे तिथे त्यांच्यातला एखादा तोंडाला फडकं बांधून मुशीत डोकावत बसलेला हमखास सापडतो. बाबुराव त्यातलाच एक. पण ही गोष्ट बाबुरावाची नाही, पडद्यामागच्या माणिकची आहे.

माणिक लग्न होऊन या जिन्यावर चढली तेव्हा अठरा वर्षांची होती, चौथी पास. हिंदी येत नव्हतं, उर्दू तर दूरच. त्या पडद्याला मध्यावर वीतभर फट होती. नवऱ्याचे शर्ट, लेकीचे फ्रॉक, सगळं सगळं माणिक शिवायची. पडद्याची फट मात्र तिने बावीस वर्षांत शिवली नाही. त्या फटीतून भट्टी दिसायची. भाकरी थापता थापता ती पाहायची: तेजाब किती ओतलं, धूर तांबडा आला की पांढरा, मूस कधी उतरवली. ताजी लगड दगडावर टाकल्याचा आवाज ऐकून चांदी कशी आली ते ती न पाहता सांगायची. बाबुरावाला याची गंमत वाटायची. पाहुण्यांपुढे तो तिचं हे कौतुक सांगायचा, आणि सांगून झालं की तिला चहा टाकायला पाठवायचा.

त्याची एक सवय मात्र तिच्या डोक्यात जायची. चांदी शुद्ध करायची म्हणजे आधी ती तेजाबात, म्हणजे ॲसिडात, विरघळवायची. विरघळली की ती पाण्यासारखी होऊन दिसेनाशीच होते. मग त्यात मिठाचं पाणी ओतायचं. ओतल्याबरोबर पांढरे गठ्ठे तयार होतात आणि तळाला बसतात. बाबुराव त्याला चांदीचं दही म्हणायचा. हे दही चार-सहा वेळा धुवायचं, त्यात लोखंडाचे तुकडे टाकून त्याची परत चांदी करायची, आणि सवागी, म्हणजे टाकणखार, घालून मुशीत वितळवायची. तर हे दही धुवायला बाबुरावाला पाणी उकळतं लागायचं. थंडीत एक वेळ ठीक आहे, पण मे महिन्यात, चौकात लूचं गरम वारं चालू असताना, घामाने निथळत माणिकने स्टोव्हवर पातेलंभर पाणी उकळायचं आणि याने ते दह्यावर ओतायचं. का, म्हणून विचारलं तर उत्तर नाही. माणिकने आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता की नवऱ्याचे हात लोण्याचे आहेत.

ब्याण्णव सालच्या जानेवारीत पुतण्याचं लग्न आणि भावाची वास्तुशांत जोडून आली. बाबुराव तीन आठवड्यांसाठी गावी निघाला. लेकीची, पूर्वाची, शाळा होती म्हणून माणिक मागे राहणार होती. निघायच्या आदल्या दिवशी ती सरळच म्हणाली, की भट्टी बंद ठेवू नका, मी बसते. बाबुराव हसला. मग तिचं तोंड पाहून हसायचा थांबला. रात्रभर बहुधा विचार केला असावा, कारण चारबाग स्टेशनवर गाडीत चढताना त्याने निकाल दिला.

“बस. पण एक जरी तक्रार आली तर दार लावून घ्यायचं, अन् परत भट्टीचं नाव काढायचं न्हाई.”

“अन् न्हाई आली तर?”

“मग बघू,” बाबुराव म्हणाला, आणि गाडी हलली.

दुसरी एखादी बायको या ‘मग बघू’वर रुसली असती. माणिकने ते पदरात घेतलं आणि टेम्पोत बसून चौकात येईपर्यंत तिला गाणं गुणगुणावंसं वाटत होतं.

पहिले चार दिवस चिल्लर कामं आली. जोडवी, पैंजण, काळी पडलेली वाटी. सगळी नीट झाली. पाचव्या दिवशी शराफत मियाँ आले. सत्तरीचे, गल्लीतले सगळ्यात जुने वर्ख कुटणारे. त्यांच्या हातोड्याचा ठेका माणिक बावीस वर्षं ऐकत होती. सकाळी तो सुरू झाला की ती कुकर लावायची. मियाँनी कापडातून एक पानदान काढलं. ते त्यांच्या अम्मीचं होतं. बिजागरी तुटलेली, तळ तीन ठिकाणी झाळलेला, म्हणजे डाग देऊन सांधलेला. नातीचं लग्न होतं दोन आठवड्यांनी, जुम्म्याच्या दिवशी. मियाँच्या मनात असं होतं, की अम्मीच्या पानदानाची चांदी गाळून तिचा वर्ख कुटावा आणि लग्नातल्या जर्द्यावर, म्हणजे केशरी गोड भातावर, तोच लावावा. म्हणजे अम्मी सगळ्यांच्या ताटात पोचेल. एवढं सांगून त्यांनी बाबुरावाची चौकशी केली. तो गावी गेला आहे हे कळल्यावर ते क्षणभर घुटमळले. पण लखनौचा माणूस. नाही म्हणणं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. पानदान ठेवून गेले.

माणिकने जीव लावून काम केलं. झाळीचे मोठे गोळे कानशीने काढले. तेजाबात चांदी उतरवली, गाळून घेतली, मिठाचं पाणी ओतलं. दही असं सुरेख बसलं की तिला ते कुणाला तरी दाखवावंसं वाटलं. पूर्वाला दाखवलं. पूर्वा आईचं सगळं मराठी समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. “अच्छा है,” म्हणाली आणि क्लासला पळाली.

आता धुवायचं. त्या आठवड्यात रेशनवर रॉकेल आलं नव्हतं, स्टोव्हमध्ये जेमतेम दोन वेळच्या स्वयंपाकापुरतं होतं. नळाचं पाणी बर्फासारखं. माणिकने बाह्या सरसावल्या. माझे हात काही लोण्याचे नाहीत, असं भिंतीवरच्या बाबुरावाच्या फोटोला ऐकवून तिने सहा पाण्यांनी दही धुतलं. बोटं निळी पडली, पण तिला आत कुठेतरी फार बरं वाटलं. लगड ओतली, पांढरीशुभ्र आली. दगडावर टाकली तेव्हा आवाज किंचित बसका वाटला. थंडीने आपल्या कानात दडे बसले असतील, असं तिने ठरवून टाकलं.

शराफत मियाँ लगड घेऊन गेले, आणि तिसऱ्या दिवशी परत आले. गल्लीतला त्यांचा ठेका सकाळपासून ऐकू आला नव्हता. मियाँनी हातरुमाल उघडला. आत चांदीची पट्टी होती, आणि तिच्या दोन्ही कडा वाळक्या भाकरीसारख्या तडकल्या होत्या. वर्खासाठी चांदी आधी तापवून, ठोकून लांब पट्टी करावी लागते; ती तिथेच फुटत होती.

“बहू, चाँदी कुछ नाराज़ है,” मियाँ म्हणाले. आणि मग, नजर जिन्याकडे ठेवून, “बाबूराव साहब कब तक लौटेंगे?”

आवाज चढवला असता तर माणिकने ऐकून घेतलं असतं. हा एवढा मऊ प्रश्न मात्र तिला झोंबला. बाबुराव येणार होता ते लग्न होऊन गेल्यावर. तिने मियाँकडे चार दिवस मागितले. ते “जैसी आपकी मर्ज़ी” म्हणाले खरे, पण जिना उतरताना त्यांनी दोनदा कठड्याला धरलं.

मियाँ चांदी ठेवून गेल्यावर तिने ती परत वितळवली, सवागी दुप्पट घातली. पट्टी ठोकून पाहिली. तडकली. पुन्हा वितळवली. पुन्हा तडकली. समोरच्या बूथवरून गावी फोन लावता आला असता. तिथे वाण्याच्या दुकानात फोन होता, निरोप पोचला असता. पण फोन लावणं म्हणजे तक्रार आली हे आपल्याच तोंडाने सांगणं. दुपारी ती भट्टीपाशी बसून रडली, आणि मग स्वतःचाच राग येऊन तिने तोंड धुतलं. संध्याकाळी आलमबागला मनीषाकडे हळदीकुंकू होतं. जाऊ नये असं वाटत होतं. गेली ते केवळ पूर्वाला तिळगूळ हवा होता म्हणून. निघताना तडकलेल्या पट्टीचा तुकडा पर्समध्ये टाकला. का टाकला ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

मनीषा ही बँकेतल्या नंदकुमारांची बायको. बदलीमुळे सात वर्षांपूर्वी नाशिकहून आलेली. मुलींच्या इंटर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. मराठी मंडळाच्या गणपतीत दोघींची ओळख झाली होती, पण माणिक तिच्याशी जरा अंतर ठेवूनच बोलायची. शिकलेल्या बाईपुढे आपण काय बोलायचं, असं तिला वाटे. त्या दिवशी बायका पांगल्या, वाण म्हणून लुटलेल्या प्लास्टिकच्या वाट्या पिशव्यांत गेल्या, आणि मनीषाने विचारलं, की आज तुमचं लक्ष कुठे आहे. माणिकने पर्समधला तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

मनीषाने तुकडा उलटासुलटा केला. मग ती स्वयंपाकघरात जाऊन सैंधवाचा खडा आणि खलबत्त्याची मुसळी घेऊन आली. पाटावर खडा ठेवून एक घाव घातला. खड्याचे चार तुकडे झाले, एकेकाची बाजू सरळसोट. मग पायातली मासोळी काढून पाटावर ठेवली आणि तिच्यावर घाव घातला. मासोळी पसरट झाली.

“अहो, नवी होती ना?” माणिक कळवळली.

“असू दे हो. आता बघा. घाव तोच. मीठ फुटलं, चांदी पसरली. का?”

आणि तिने सांगायला घेतलं. वर्गात सांगत असेल तसंच, पण साखरेच्या डब्यावर कोपर टेकून. मिठात दोन जातीचे कण असतात, धन आणि ऋण, एकाआड एक. धनाला शेजारी ऋणच हवा, ऋणाला धनच. त्या ओढीनेच खडा धरून राहतो. घाव बसला की एक ओळ एका घराने सरकते, धनासमोर धन येतो, ऋणासमोर ऋण. सारख्याला सारखा खपत नाही. ते एकमेकांना ढकलतात आणि खडा फुटतो. चांदीत तसलं काही नाही. तिथे सगळे कण एकाच जातीचे आणि प्रत्येकाने आपल्याकडचा थोडा ऐवज सगळ्यांच्या मध्ये टाकलेला. तो कुणा एकाचा नाही, सगळ्यांमधून वाहत असतो आणि सगळ्यांना धरून ठेवतो. ओळ सरकली तरी बिघडत नाही. नवा शेजारी, पण बांधणारं तेच.

माणिकने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हंजे झिम्मा.”

“काय?”

“झिम्म्यात टाळी कुणा एकीशी बांधलेली नसती. सरकायचं, पुढचीला टाळी द्यायची, परत सरकायचं. कितीबी फिरा, फेर मोडत न्हाई. तुमचं मीठ म्हंजे ठरल्या जोड्या. एक पाऊल चुकलं की भांडण.”

मनीषाने तिला टाळीच दिली. मग मोठ्याने हसली आणि म्हणाली, की हे मी उद्या वर्गात सांगणार आहे, तुमचं नाव घेऊन.

“पण मग माझा फेर कशानं मोडला?” माणिकने विचारलं.

फेरात परकं कुणीतरी शिरलंय, मनीषा म्हणाली. चांदीत न मिसळणारं काहीतरी. चांदी थिजताना ते कडेला ढकललं जातं आणि कणाकणांच्या सांध्यांत जाऊन बसतं. तिथे पकड नाही, म्हणून घाव बसला की सांधा सुटतो. ती एकेक विचारत गेली. पानदान झाळलेलं होतं का? होतं. कसली झाळ? गल्लीतल्या डागवाल्याची, शिशाची. मी काढली होती की, माणिक म्हणाली, पण सांध्यातली कुठे निघते. बरं, यजमान करतात त्यापेक्षा वेगळं काय केलंत? काहीच नाही. अगदी काही नाही? माणिक जरा ओशाळली आणि मग हसत हसत उकळत्या पाण्याची कथा सांगितली: बावीस वर्षं रॉकेल जाळलं, लोण्याचे हात, आणि आपण कसं या वेळी गार पाण्याने धुऊन दाखवलं.

मनीषा हसली नाही. ती उठून उभी राहिली.

“माणिकताई, बारा वर्षं मी फळ्यावर लिहितेय. मिठाने पांढरं होऊन बसतं ते दोघांचं, चांदीचं आणि शिशाचं. ओळखायचं कसं? उकळतं पाणी ओता. विरघळलं ते शिसं, राहिली ती चांदी. बारा वर्षं पोरींकडून घोकून घेतेय, यार, आणि हे कुणाच्या कामाचं असेल असं एकदाही मनात आलं नाही.”

माणिकला समजायला एक क्षण लागला. बर्फाच्या पाण्यात शिसं विरघळलंच नव्हतं. ते मुकाट दह्यात बसून राहिलं, आणि पुढे चांदीबरोबर चांदी झाल्यासारखं मुशीत उतरलं. लोण्याचे हात कुणाचे नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मनीषा टेम्पोने चौकात आली. जिना चढताना तिने साडी एका हाताने धरली होती आणि दुसऱ्या हातात रॉकेलचा डबा होता, स्वतःच्या घरातला. माणिकने सकाळीच लगडीचे तुकडे तेजाबात सोडले होते. मिठाचं पाणी ओतलं, दही बसलं. पातेलं खळखळून उकळलं तेव्हा दोघींनी मिळून ते दह्यावर ओतलं, काठीने ढवळलं आणि वरचं गरम पाणी काचेच्या बरणीत काढून घेतलं. ते पाणी अगदी नितळ होतं. मनीषाने बरणी खिडकीत ठेवली. बाहेर धुकं होतं. दोघी मुलींसारख्या खिडकीला नाक लावून बसल्या.

पाणी निवायला लागलं तसं आत काहीतरी चमकलं. एक सुई. पांढरी, केसासारखी बारीक. मग दुसरी. मग बघता बघता बरणीभर सुया, लुकलुकत, सावकाश खाली उतरणाऱ्या.

“ते बघा तुमचं शिसं,” मनीषा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि माणिकने तिचा हात घट्ट धरला होता, हे दोघींच्याही लक्षात नंतर आलं.

सात वेळा धुतलं. प्रत्येक वेळी पाणी बरणीत काढून निवू दिलं. सहाव्या बरणीत दोन-चार सुया होत्या, सातवीत एकही नाही. त्या दिवशी घरात भात नुसता वरणाबरोबर झाला, कारण भाजी करायला रॉकेल उरलं नव्हतं. पूर्वाने तक्रार केली नाही. ती सुयांची बरणी मैत्रिणींना दाखवायला खाली घेऊन गेली होती.

लगड ओतली. निवल्यावर माणिकने ती दगडावर टाकली आणि डोळे मिटून ऐकलं. मग तिने स्वतः हातोडा घेतला. ठोकली, तापवली, परत ठोकली. पट्टी लांबत गेली, कडा गुळगुळीत. तिचा हात दुखायला लागला तरी ती थांबेना. मनीषाला काढून घ्यावा लागला हातोडा, नाहीतर वर्खसुद्धा हिनेच कुटून दिला असता.

शराफत मियाँनी पट्टी पाहिली, दोन बोटांनी वाकवली, सोडली, परत वाकवली. मग ती हातरुमालात बांधून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतून त्यांचा ठेका आला, आणि माणिकने कुकर लावला. लग्नाच्या दिवशी मियाँच्या घरून जर्द्याचं ताट आलं. केशरी भातावर चांदी अशी पसरली होती की पूर्वाने फुंकर घातली तर ती थरथरली. माणिकने पहिला घास घेतला आणि मनात म्हणाली, या, अम्मी.

बाबुराव परत आला तो अंगभर ऊन आणि पोतंभर शेंगा घेऊन. माणिकने काही लपवलं नाही. तक्रार आली होती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. मग विचारलं, “उकळतं पाणी कशापायी लागतं हो तुमाला?”

बाबुरावाने खरं ते सांगितलं. “आबा वापरायचे.”

तिने सुयांची बरणी त्याच्यापुढे ठेवली आणि शिशाची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ बरणी हलवत बसला. आबांनी हे कधी सांगितलं नव्हतं, एवढंच म्हणाला. आबांना तरी कुणी सांगितलं असेल, असं म्हणून ती पडद्यामागे गेली आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. तक्रार एकच होती, पण होती. अट तिने स्वतःच मान्य केली होती. पुढच्या तीन दिवसांत भट्टीचं नाव तिने काढलं नाही, आणि त्यानेही नाही.

चौथ्या दिवशी शराफत मियाँ आले. बाबुराव भट्टीवरून उठून सामोरा गेला. सलाम झाला, गावची विचारपूस झाली, लग्न कसं पार पडलं ते सांगून झालं. मियाँच्या मांडीवर कापडात बांधलेलं एक जुनं खासदान, म्हणजे विडे ठेवायचं भांडं, होतं, तेही झाळलेलं. बाबुरावाने ते घ्यायला हात पुढे केला. मियाँनी दिलं नाही. अदबीने, अगदी लखनवी अदबीने, त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

“बहू नहीं हैं?”

पीठ मळणारे हात थांबले. फटीतून माणिकला नवऱ्याचा चेहरा दिसत होता. आधी तो गोंधळला. मग त्याने मियाँकडे पाहिलं, रिकाम्या राहिलेल्या आपल्या हाताकडे पाहिलं, आणि हसू आवरत पडद्याकडे वळला.

“माणिक, तुझं गिऱ्हाईक आलंय.”

ती हात पुसत बाहेर आली. मियाँनी खासदान तिच्या हातात दिलं. ती भट्टीपुढे बसली, तोंडाला फडकं बांधलं. दुपारपर्यंत चांदी उतरली, दही बसलं. पाण्यासाठी ती उठणार एवढ्यात पडद्यामागून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. बावीस वर्षांत त्या बाजूने तो आवाज बाबुरावाच्या हातून कधी आला नव्हता. थोड्या वेळाने तो फडक्याने पातेलं धरून, वाफेने डोळे बारीक करत, सांभाळून बाहेर आला.

“सरक. भाजंल,” तो म्हणाला आणि पाणी ओतलं. मग तिथेच उभा राहून विचारता झाला, “किती येळा धुवायचं?”

“बरणीत सुया दिसायच्या थांबंस्तोवर. आणखी एक पातेलं लावा.”

बाबुराव मुकाट्याने आत गेला आणि त्याने पाणी ठेवलं.